ऑटोमॅटिक गाडी घरीच मॅन्युअल करायची, की गिअरबॉक्स दुरुस्त करायचा, की सरळ दुसरी गाडी घ्यायची

आधी एक ठरवा, तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय म्हणून हे चाललंय की चांगला आहे पण क्लच मारल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही म्हणून? दुसरं असेल तर माझं मत एकदम सरळ आहे, आहे ती गाडी विका आणि त्याच मॉडेलची मॅन्युअल घ्या. चालत्या ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक मिळतं. घरी कन्व्हर्ट केलेली गाडी विकायला काढली की समोरचा पहिलं विचारणार काम कोणी केलं, आणि मग भाव पाडणारच.

गिअरबॉक्स गेलाय म्हणणाऱ्यांनीही तो खरंच गेलाय का ते बघा. ऑइल कमी असणं, फिल्टर चोकअप, एखादा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा नुसतं वायरिंग, एवढ्यानेही गिअर घसरतात, झटके बसतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचून घ्या. आतल्या क्लच प्लेट जळाल्या असतील, ऑइल काळं पडून करपल्याचा वास येत असेल, तर मात्र रिबिल्ड, म्हणजे बॉक्स पूर्ण खोलून नव्याने बांधणं आलं, आणि ते घरी करायचं काम नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे गिअर बदलायला ऑइल इकडेतिकडे वळवणाऱ्या भागातल्या, बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा एकदा सांडल्या की संपलं. त्या मानाने मॅन्युअल बसवणं म्हणजे मुख्यतः नटबोल्टचं काम, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं, आणि अर्ध्यापर्यंत ते खरंच सोपं असतं.

दुरुस्तीचा मोठा फायदा म्हणजे गाडी कंपनीने बनवली तशीच राहते, कागदपत्रात काही बदलत नाही. कन्व्हर्जनमध्ये एक गिअरबॉक्स काढून दुसरा लावला एवढ्यावर भागत नाही. इंजिनच्या टोकाची पातळ फ्लेक्सप्लेट काढून तिथे क्लच बसेल असं जाड फ्लायव्हील लावायचं आणि त्याचे बोल्ट बऱ्याचदा वेगळ्या लांबीचे असतात, जुनेच लावून मोकळे होऊ नका. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर किंवा केबल, पेडलचा पूर्ण सेट, गिअर लिव्हर, माउंटिंग, रिव्हर्स लाइटचा स्विच. मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलू शकते, क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट टेकवणारं पायलट बेअरिंग लागू शकतं आणि काही ऑटोमॅटिक इंजिनांत त्याची जागाच नीट कोरलेली नसते. पुढची चाकं ओढणारी असेल तर ड्राइव्हशाफ्ट वेगळे निघतात. रेडिएटरमधून ऑटोमॅटिकचं ऑइल थंड होत असेल तर त्या लाइन बंद करायच्या.

म्हणूनच पार्ट सुटे गोळा करायचे की पार्ट काढायला त्याच मॉडेलची मॅन्युअल, म्हणजे पूर्ण डोनर गाडी घ्यायची हा प्रश्नच माझ्या मते खरा आहे. सुटे घेतले तर सुरुवातीला स्वस्त वाटतं, पण एका ब्रॅकेटसाठी काम आठवडे अडतं आणि तोवर गाडी स्टँडवर. डोनरला एकदम पैसे जातात, जागाही अडते, पण प्रत्येक बोल्ट, वायर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समोर असतं, उरलेलं विकताही येतं. डोनर मिळत नसेल तर मी या भानगडीत पडणार नाही.

वायरिंगबद्दल थोडं जास्त सांगतो कारण लोक इथेच अडकतात. ऑटोमॅटिक फक्त पार्क किंवा न्यूट्रलला स्टार्ट होते, तो स्विच काढल्यावर स्टार्टर फिरतच नाही. बरेच जण दोन वायरी जोडून टाकतात, पण मग गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्ट होते आणि उडी मारते, तिथे क्लच पेडलचा स्विच लावा. जुन्या गाडीत एवढं पुरतं. नवीन गाडीत ईसीयू गिअरबॉक्सचा मॉड्यूल शोधत बसतो, लिम्प मोडमध्ये जातो म्हणजे गाडीची ताकद मुद्दाम कमी करतो, डोनरचा ईसीयू घातला तर इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीविरोधी लॉक) जुळवावा लागतो. तेच मॉडेल कंपनीने मॅन्युअलमध्येही विकलं असेल तर निदान वाट आहे. बीएमडब्ल्यू ई३६ वर असे स्वॅप भरपूर झालेत ते याचमुळे, दोन्ही प्रकार कारखान्यातूनच निघायचे आणि पार्ट जुळतात. फक्त ऑटोमॅटिकमध्येच आलेली गाडी असेल तर दुरुस्त करा किंवा विका.

घरी करायचंच ठरलं तर चांगले स्टँड आणि गिअरबॉक्स जॅक भाड्याने का होईना आणा. टॉर्क कन्व्हर्टरसकट (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा ऑइलने भरलेला भाग) ऑटोमॅटिक युनिट जड असतं, ते छातीवर घेऊन उतरवायचा विचारही करू नका. मॅन्युअल चढवताना क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने सेंटर करा, आणि बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवू नका, प्लेट वाकते आणि सगळं परत उतरवावं लागतं.

रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सवाल्यांना पार्ट घ्यायच्या आधी विचारा. आणि हो, आता पार्क नाही, त्यामुळे इतकी वर्षं नुसता नावाला असलेला हँडब्रेक आधी टाइट करून घ्या.