कानात गाणी की मेट्रोनोमची टिकटिक?

हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की बूट, घड्याळ, जेल यांवर भरपूर बोलणं होतं. कानात काय असावं याची चर्चा मात्र इअरफोन कुठले घ्यावेत इथेच संपते. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. कानात जे वाजतं त्याने पाय कसे पडतात? चार वर्षं मी गाण्यांवर पळालो, गेली दोन वर्षं मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने एकसारखा ठेका देणाऱ्या साधनावर) पळतोय, आणि मधले काही महिने कान मोकळे ठेवूनही पाहिले. पुढचं सगळं त्या अनुभवावरचं आहे. तुमचे पाय वेगळे, तेव्हा तुमचा निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकेल.

गाण्यांची बाजू आधी. पहाटे पुण्यात तळजाईच्या टेकडीवर तिसऱ्या किलोमीटरवर पाय जड झालेले असताना आवडतं गाणं लागलं की तो जडपणा खरोखर उतरतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलं आहे, आणि हलक्या ते मध्यम वेगात संगीतामुळे श्रम कमी जाणवतात हे अशा अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. वेग फार वाढला की मात्र धाप आणि पोटऱ्यांची आग लक्ष खेचून घेते आणि गाणं मागे पडतं. 

श्रमांइतकंच महत्त्वाचं म्हणजे पावलंही गाण्याकडे ओढली जातात. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली हे नीट दाखवलं. पळणाऱ्याच्या केडन्सशी, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांशी, जुळणारं संगीत लावायचं आणि त्याची गती हळूच किंचित बदलायची; बदल दोन-तीन टक्क्यांच्या आत असला तर पावलंही आपोआप त्यामागे सरकतात. पळणाऱ्याला ठेका धरायला सांगावंही लागत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये रस्त्याच्या कडेला ढोल-ताशा वाजत असतो, तिथे मी हे कानात काही नसताना अनुभवलंय. त्या पन्नास मीटरमध्ये पाय ढोलाचे असतात.

ही ओढ कामाला लावता येते. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर त्याच वेगाला गुडघा आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या 2011 च्या अभ्यासात आलं आहे. कारण सरळ आहे: पाऊल आखूड पडतं आणि टाच शरीराच्या फार पुढे जाऊन आदळत नाही. माझी पावलं 160 होती, फिजिओने 168 सांगितली. (मिनिटाला 180 पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पावलं मोजली तिथून आला, आणि ते धावपटू शर्यतीच्या वेगात होते.) मग मी मिनिटाला 168 ठोक्यांच्या आसपासची गाणी जमवली. 84 ची गाणीही चालतात, मात्रेला दोन पावलं टाकायची.

इथवर गाणी आणि मेट्रोनोम बरोबरीत आहेत. दोन्ही ठेका देतात, आणि गाणी वर आनंदही देतात. मला गाणी सोडावी लागली ती एका त्रासामुळे. तो ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय त्यानेच केला. गाणं बदलतं.

एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन-तीन सेकंद शांतता असते. नवं गाणं सुरू होतं ते माझ्या पावलाच्या अधेमधे कुठेतरी. यादीतलं आधीचं गाणं 168 चं, हे 165 चं. परेडमध्ये ‘कदम बदल’ची आज्ञा आल्यावर पडतं तसं एक अडखळतं अर्धं पाऊल पडतं, आणि पुढची आठ-दहा पावलं शरीर नव्या ठेक्याशी जुळवून घेत राहतं. दोन तासांच्या रनमध्ये हे पंचवीस-तीस वेळा. गाण्याच्या पोटातही तेच. मुखडा ठेक्यात असतो, मग अंतऱ्याआधी ताल थांबतो, बासरी किंवा आलाप येतो, आणि तेवढ्या दहा-बारा सेकंदांत पायांना धरायला काहीच उरत नाही. आपली बहुतेक गाणी अशीच बांधलेली असतात. ऐकायला ती जागा फार सुंदर असते, पळायला नाही.

एका रविवारी सोळाव्या किलोमीटरला माझी यादी संपली आणि फोनने स्वतःच्या मनाने पुढची गाणी सुरू केली. गाणं आवडीचं होतं, मी ते चालू दिलं. ते 150 च्या जवळपासचं होतं. ग्रुप किलोमीटरला सहा मिनिटांनी चालला होता, त्यामुळे वेग तोच ठेवणं भाग होतं. हिशेब करून पाहा: सहा मिनिटांच्या पेसला 168 पावलं पडली तर एक पाऊल साधारण 99 सेंटिमीटरचं होतं, 150 पडली तर 111 चं. प्रत्येक पावलाला बारा सेंटिमीटर जास्त, आणि तेही पाय थकलेले असताना. मला त्या वेळी काही जाणवलं नाही. खरा घोटाळा तोच आहे, कारण श्रम हलके करणारं गाणं बिघडलेली चालही झाकून टाकतं. सोमवारी उजवी नडगी दुखू लागली, ती तीन आठवडे दुखली. फिजिओने मागितलेल्या, फोनवर काढलेल्या स्लो मोशन व्हिडिओमध्ये टाच गुडघ्याच्या कितीतरी पुढे पडताना दिसत होती. सगळा दोष गाण्याचा असं म्हणणार नाही, त्या महिन्यात अंतरही वाढवलं होतं. पण पुढच्या दोन लाँग रनना मी मुद्दाम लक्ष ठेवलं, आणि दोन्ही वेळा गाणं संथ झालं की ढांग लांबली.

गाण्यांच्या बाजूने नेहमी एक उदाहरण दिलं जातं. इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासी याने 1998 साली बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये त्याच्या पसंतीचं जलद गाणं वाजत होतं. उदाहरण खरं आहे. पण ती शर्यत पाच मिनिटांच्या आत संपली. एकच गाणं, एकच ठेका.

मेट्रोनोमचा पहिला आठवडा नकोसा जातो, हे आधीच सांगतो. त्यात सूर नाही, शब्द नाहीत, मला वैतागून तो तीनदा बंद करावासा वाटला. फोनच्या स्पीकरवर लावला तर शेजारी पळणाऱ्यालाही त्रास. मी घड्याळाचं कंपन वापरतो. हल्ली बऱ्याच रनिंग वॉचमध्ये ही सोय असते. सलग चालू ठेवत नाही. एक मिनिट ठेका, पुढची चार मिनिटं काही नाही, मग परत एक मिनिट. त्या चार मिनिटांत लय स्वतःला सांभाळावी लागते, आणि परत ठेका आला की आपण किती घसरलो ते लगेच कळतं. गाण्यांवरच्या चार वर्षांत माझी पावलं 160 वरून हलली नव्हती, गाणं संपलं की पाय जुन्या सवयीवर जायचे. मेट्रोनोमवर साधारण तीन महिन्यांत 167-168 अंगवळणी पडली, घड्याळ घरी राहिलं तरी.

एक बारकावा मला उशिरा लक्षात आला. केरवा तालाचं आवर्तन आठ मात्रांचं. त्यात आठ पावलं पडोत की चार, संख्या समच, म्हणून समेचा (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा) जोर दर वेळी एकाच पायावर येतो. माझा तो उजव्यावर यायचा, आणि त्या पायाचा बूट बाहेरच्या कडेला जास्त झिजायचा. सहा मात्रांच्या दादऱ्यात मात्रेला एक पाऊल टाकलं तर पहिली आणि चौथी मात्रा वेगवेगळ्या पायांवर पडतात, म्हणून दादऱ्यातली जलद गाणी मला त्यातल्या त्यात बरी वाटली. पण अशी किती मिळणार? मेट्रोनोमच्या अॅपमध्ये जोराचा ठोका बहुधा दर चौथ्याला असतो. तो बंद करा किंवा तिसऱ्यावर ठेवा. तिसऱ्यावर ठेवला की तो आलटूनपालटून दोन्ही पायांवर येतो.

कान मोकळे ठेवण्यात एक गोष्ट अशी मिळते जी या दोन्हींत मिळत नाही: आपल्या पावलांचा आवाज. थकल्यावर माझं उजवं पाऊल आधी वाजायला लागतं, धप्प असं, आणि ते ऐकू आलं की मी पाऊल आखडतो. कान उघडे ठेवणारे बोन कंडक्शनचे इअरफोन घेतले तर हा आवाज आणि मागून येणारी गाडी दोन्ही थोडंफार ऐकू येतं, पण गाणं बदलण्याचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. मनगटावरच्या कंपनाने कान आपसूक मोकळे राहतात, हा मेट्रोनोमचा मला मिळालेला जादा फायदा.

तुम्ही आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर पळत असाल, काही दुखत नसेल आणि गाण्यांमुळेच पहाटे घराबाहेर पडणं होत असेल, तर गाणी सोडू नका. ट्रेडमिलवर मीही गाणीच लावतो. पण अंतर वाढवत असाल, नडगी किंवा गुडघा कुरकुरत असेल, किंवा साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारखी घाटाची शर्यत डोळ्यांसमोर असेल, तर मेट्रोनोमला निदान महिनाभर द्या असं सुचवेन. यवतेश्वरचा घाट उतरताना ढांगा आपोआप लांबतात, तिथे एक संथ गाणं फार महाग पडतं. 

सुरुवात करताना आधी कानात काही न घेता सवयीच्या पेसला एक मिनिट पावलं मोजा, आणि आकडा त्यापेक्षा फक्त पाच टक्के वर लावा. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर, छोट्या रनमध्येच. पोटऱ्या थोड्या भरून येतील, माझ्या दहा दिवस येत होत्या.