सेलवर ९९००, काट्यावर ३१ ग्रॅम

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. टॉर्चसोबत बोगस सेल खपवण्याची फसवणूक नेमकी तिथूनच आत शिरते. निफाड-सिन्नरकडे रात्रीच्या विजेवर उसाला पाणी भरायचं तर बिबट्याच्या धास्तीने लांब झोताची टॉर्च लागतेच. गिऱ्हाईक ती उलटीसुलटी करून पारखतं, पण सोबत 'फ्री' आलेल्या सेलकडे बघतही नाही.

नाशकात ३,२०० रुपयांना विकला गेलेला एक संच बघा: तीन एलईडींची टॉर्च, चार्जर आणि '९९०० एमएएच' एवढी क्षमता छापलेला एक १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चार्ज होणारा सेल. दुकानात झोत झकास पडला. पडणारच, पूर्ण चार्ज सेलवर दहा सेकंदांचा टर्बो, म्हणजे सर्वात तेज झोत, कुणीही दाखवेल. शेतात चौथ्या मिनिटाला उजेड निम्म्यावर. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: "गरम झाली की आपोआप कमी होते दादा, सेफ्टी आहे." अशी सोय खरंच असते. पण तेव्हा टॉर्चचं डोकं हाताला चटके देतं. इथे ते जेमतेम कोमट होतं. टॉर्च तापलेली नव्हती, उपाशी होती.

सराफाच्या काट्यावर सेल ३१ ग्रॅम भरला. अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि बाजारातले बहुतेक चांगले सेल ३,५००-३,६०० एमएएचच्या आसपास थांबतात. अर्ध्या अँपिअरने २.८ व्होल्टपर्यंत उतरवल्यावर यातून निघाले ११४० एमएएच. अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, १२० मिलिओहम. चांगल्या हाय-ड्रेन (जास्त करंट देणाऱ्या) सेलचा २०-३० असतो.

खरी गोम या रोधात आहे. या टॉर्चचा एफईटी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) म्हणजे निव्वळ स्विच; सेल देईल तेवढा करंट एलईडीकडे सोडतो. १० अँपिअर ओढायचे म्हटले तर १० गुणिले ०.१२, म्हणजे १.२ व्होल्ट सेलच्या पोटातच खपतात. पूर्ण चार्ज सेलच्या ४.२ चे उरले ३.०, आणि तेवढ्यावर पांढरा एलईडी जोर धरत नाही. त्यामुळे करंट चार-पाच अँपिअरवरच अडतो आणि सेल उतरेल तसा आणखी घसरतो. खोक्यावरच्या ९०,००० ल्युमेन उजेडाचं तर सोडूनच द्या.

एफईटीवर निदान उजेडच कमी होतो. सेलचं व्होल्टेज चढवून देणारा बूस्ट ड्रायव्हर मात्र व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतो, आणि मरतुकडा सेल भट्टीसारखा तापतो. दोन सेल एकापुढे एक बसणाऱ्या टॉर्चमध्ये एक अस्सल आणि एक असला बोगस घातला, तर दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून करंट रेटतच राहतो, मग दुबळ्याचे प्लस-मायनस उलटे होतात. बंद नळीत सेलने गॅस सोडला तर ती नळी हातात फुटू शकते. जोडी एकाच मॉडेलची, एकाच वयाची हवी. व्होल्टेजमधला फरक ०.०५ च्या आत.

अस्सल सेलही टॉर्चसाठी चुकीचा ठरू शकतो. पॅनासॉनिकचा ३,४०० एमएएचचा एनसीआर१८६५०बी पाचेक अँपिअरचा गडी आहे. १० अँपिअरच्या टॉर्चला सॅमसंगचा ३०क्यू (३,००० एमएएच, १५ अँपिअर) किंवा २५आर (२,५००, २० अँपिअर) घ्या. संरक्षक सर्किटवाला सेल टर्बोला फट्कन बंद पडू शकतो. तो लांबीलाही जास्त असतो.

घेताना वजन करा. टोकांवर स्पॉट वेल्डिंगचे डाग असतील तर तो जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेला माल. लेबलवरचा 'आर-' ने सुरू होणारा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा. करंट मोजायला मल्टिमीटरच्या बारीक वायरी नकोत, त्यांच्या रोधानेच आकडा खाली येतो. मागचं झाकण काढून तिथे जाड तांब्याच्या तारेचा वळसा द्या आणि त्यावर डीसी क्लॅम्प मीटर लावा.

बिलावर सेलचं मॉडेल आणि एमएएच लिहायला लावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तोच कागद उपयोगी पडतो. वरच्या संचाच्या बिलावर 'बॅटरी – १ नग' एवढंच होतं. परत न्यायला गेल्यावर दुकानदाराने टॉर्च पेटवून दाखवली: "बॅटरी चालू आहे की!"