एकवीस महिने, ३८,६०० किलोमीटर आणि बॅटरीची वही

२०२३ च्या दसऱ्याला घेतलेली आमची विजेवरची मोटार या जुलैत ३८,६०० किलोमीटर चालून झाली. गाडी कोणत्या कंपनीची हे मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढील मजकूर केवळ तिच्या बॅटरीविषयी आहे, आणि त्यातील बहुतेक गोष्टी लिथियम-लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी असलेल्या कोणत्याही गाडीला लागू पडतील. बॅटरी सुमारे ४० किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ४० युनिटची आहे. मी परभणीत राहतो आणि जिंतूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे जाऊन-येऊन रोजचे नव्वदेक किलोमीटर ठरलेले, अधूनमधून नांदेड, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगर, असा गाडीचा वापर आहे.

गाडी घेताना सर्वांनी एकच प्रश्न विचारला होता की परभणीच्या उन्हात बॅटरी किती वर्षे टिकेल. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा प्रश्न रास्त होता आणि विक्रेत्याचे 'काही होत नाही सर' हे त्याचे उत्तर नव्हते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून एक वही घातली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसून गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे छोटे उपकरण, म्हणजे ओबीडी डोंगल, घेतले, मोबाइलवर त्याचे ॲप टाकले आणि दर रविवारी पाच आकडे लिहू लागलो: ॲप दाखवते ते बॅटरीचे आरोग्य म्हणजे एसओएच, बॅटरीचे तापमान, बॅटरीतल्या अनेक सेलपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असलेल्या सेलचा व्होल्टेज, आणि त्या वेळी चार्ज किती टक्के होता तो आकडा.

यांतला पहिला आकडाच मला सर्वांत जास्त फसवून गेला. नवी असताना गाडीने १०० दाखवले, २०२४ च्या फेब्रुवारीत ९८.५. इथवर ठीक होते. त्याच सुमारास, चार्ज ३० ते ८० टक्क्यांमध्येच ठेवला की बॅटरी जास्त टिकते, हा सल्ला वाचून मी तो सात आठवडे काटेकोरपणे पाळला. एप्रिलच्या शेवटी एसओएच थेट ९५.२ वर आला. तीन महिन्यांत तीन टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे याच गतीने तीन वर्षांत गाडी भंगारात, असा हिशेब मी एका रात्रीत करून बसलो होतो.

प्रत्यक्षात बॅटरी तेवढी उतरलीच नव्हती. एसओएच ही वजनकाट्यावर दिसणाऱ्या किलोसारखी मोजलेली राशी नाही. तो गाडीतील बॅटरी व्यवस्थापन प्रणालीने, म्हणजे बीएमएसने, बांधलेला अंदाज आहे. बीएमएस आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून बेरीज-वजाबाकी करत राहते, आणि किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीप्रमाणे त्या बेरजेत थोडी थोडी चूक साचत जाते. ती चूक दुरुस्त करायची तर अधूनमधून व्होल्टेजवरून खरा चार्ज पडताळावा लागतो, आणि इथेच एलएफपीची अडचण येते. तिच्या सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. चार्ज ४० टक्के आहे की ६०, हे त्यावरून सांगणे अवघड असते. वक्ररेषा वळते ती अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला. मी सात आठवडे दोन्ही टोके टाळली होती, म्हणजे बीएमएसला पडताळणीची संधीच दिली नव्हती. ३० ते ८० चा सल्ला निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसी प्रकारच्या बॅटरीसाठी योग्य असतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र ठरावीक काळाने पूर्ण चार्ज करावा असे स्पष्ट छापलेले होते. आपण पुस्तिका शेवटी वाचतो, हे शिक्षकाने कबूल करणे जरा लाजिरवाणे आहे.

त्यानंतर लागोपाठ दोन वेळा गाडी १०० टक्के भरली आणि प्लग तसाच लावून ठेवला. या वेळात बीएमएस सेलमधील तफावत हळूहळू मिटवते, आणि ते वहीत स्वच्छ दिसले: भरत्या टोकाला वरच्या-खालच्या सेलमधले अंतर ६२ मिलिव्होल्टवरून १४ वर आले. आठवड्याभरात एसओएच ९७.८ दाखवू लागला. बॅटरी 'बरी' झाली नव्हती, अंदाज सुधारला होता.

एका टोकाची चूक सुधारताना माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसे माझे झाले. मेच्या सुट्टीत आम्ही रेल्वेने पुण्याला मुलाकडे गेलो, तेव्हा आता पूर्ण चार्जच चांगला असे समजून गाडी १०० टक्के भरून पत्र्याच्या शेडमध्ये तीन आठवडे उभी ठेवली, आणि डोंगलही काढायचे विसरलो. परतलो तर गाडी उघडेना. डोंगल सतत वीज खात राहिल्यामुळे कुलपे आणि संगणक चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी पूर्ण उतरली होती. मोठ्या बॅटरीत ४० युनिट भरलेले असताना गाडी दार उघडायला तयार नव्हती. शेजाऱ्यांच्या बोलेरोवरून केबल लावून ती सुरू केली. 'सर, डिझेलवाल्याचीच मदत लागली ना,' हे वाक्य मला पुढचे सहा महिने ऐकावे लागले. डोंगल आता रविवारी लावतो आणि आकडे लिहून झाले की काढतो.

डोंगलची चूक केबल लावून निस्तरता आली. उन्हात भरून ठेवण्याची चूक तशी निस्तरत नाही. लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे झिजते, एक वापराने आणि दुसरी नुसत्या वयाने. वयाने होणाऱ्या झिजेत ग्राफाइटच्या ऋणाग्रावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाने एक पातळ थर तयार होतो, तो जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. ही क्रिया बॅटरी जितकी भरलेली आणि जितकी गरम, तितकी वेगाने चालते. दर दहा अंशांमागे वेग अंदाजे दुप्पट, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम इथेही उपयोगी पडतो. मी गाडीला दोन्ही गोष्टी एकदम दिल्या होत्या. पुढच्या मे महिन्यात पडताळून पाहिले: पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी पाचला बॅटरीचे तापमान ४१ अंश भरले, तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच उन्हात महाविद्यालयातल्या कडुलिंबाखाली ते ३६ होते. पॅक वजनदार असल्यामुळे उशिरा तापतो, पण निवतोही उशिरा. शेडमधली गाडी रात्री अकरालाही ३८ अंश दाखवत होती. आता जिंतूरला मी दहा मिनिटे लवकर पोहोचतो, केवळ त्या कडुलिंबाखालची जागा मिळावी म्हणून.

वापराने होणाऱ्या झिजेची मला जी भीती होती ती हिशेब केल्यावर गेली. युनिटमागे सरासरी ६.८ किलोमीटर धरले तर ३८,६०० किलोमीटरला सुमारे ५,७०० युनिट लागले, म्हणजे ४० युनिटची बॅटरी जेमतेम १४० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली. एलएफपी सेल अशा दोन-तीन हजार आवर्तनांसाठी बनवलेले असतात. तेव्हा आजवर जी काही घट झाली, तिचा मोठा वाटा काळाचा आणि उष्णतेचा असणार, माझ्या नव्वद किलोमीटरांचा नव्हे. फास्ट चार्जिंगविषयीही माझे मत निवळले आहे. संभाजीनगरच्या फेरीत जालन्याजवळ बॅटरीचे तापमान ४६ पर्यंत गेलेले एकदा पाहिले, परंतु कूलंटचा पंप सुरू होऊन अर्ध्या तासात ते ४० च्या खाली आले. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या या प्रकारापेक्षा रोज दुपारी पत्र्याखाली उभे राहणे मला अधिक घातक वाटते.

ॲपवरचा विश्वास उडाल्यावर मोजणीची स्वतःची पद्धत बसवणे भाग होते. चार्जिंगच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला सुरुवातीपासूनच वेगळे सब-मीटर लावलेले होते, त्याचा उपयोग झाला. गाडी १०० टक्के भरायची, नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन दिवस चालवून १० टक्क्यांपर्यंत आणायची, आणि मग एका बैठकीत पुन्हा १०० पर्यंत भरून मीटरवर किती युनिट पडले ते लिहायचे. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज यात धरलेली असते, पण ती दर वेळी जवळपास सारखीच असल्याने तुलनेला बाधा येत नाही. खालचे टोक १० टक्के ठेवण्याचे कारण वर आलेच आहे: तिथे व्होल्टेजची रेषा वळू लागलेली असते, म्हणून बीएमएसचे 'दहा टक्के' हे तिच्या 'चाळीस टक्क्यां'हून जास्त भरवशाचे असतात.

अशा मोजणीत २०२३ च्या डिसेंबरात ४०.९ युनिट भरले, २०२४ च्या डिसेंबरात ३९.७ आणि या जुलैत ३९.४. म्हणजे पहिल्या वर्षी २.९ टक्के घट आणि एकोणीस महिन्यांत मिळून ३.७. पहिल्या वर्षी जास्त आणि नंतर मंद, हे त्या थराच्या वाढीशी जुळते. तो जसा जाड होतो तसा स्वतःच्याच वाढीला अडवतो, आणि घट काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते असे मानतात. बारावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवण्याजोगे गणित आहे: १२ आणि १९ यांच्या वर्गमुळांचे गुणोत्तर १.२६, आणि २.९ ला १.२६ ने गुणले की ३.७ येते. दोन बिंदूंतून रेघ ओढून शहाणपण मिरवू नये हे मलाही कळते, तरी हीच चाल राहिली तर आठ वर्षांच्या शेवटी घट आठ-नऊ टक्क्यांच्या घरात असेल. ॲपचा एसओएच आज ९६.४ आहे. तो माझ्या मोजणीशी जुळतो याचा आनंद आहे, पण एप्रिल २०२४ विसरलेलो नाही.

मोजणीत इथल्या विजेची अडचण मात्र मोठी आहे. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत घसरतो आणि चार्जर मध्येच थांबतो. अवकाळीच्या दिवसांत तर एक मोजणी तीनदा मोडली. म्हणून हे काम आता शनिवारी रात्री बारानंतर सुरू करतो. रोजचे चार्जिंगही पहाटे पाचच्या सुमारास संपेल असे लावतो, जेणेकरून भरलेली गाडी उभी न राहता लगेच निघावी. आठवड्याचे पाच दिवस ८० टक्के, सोमवारी सकाळी निघताना १००, आणि लांबच्या सुट्टीत ४०-५० टक्क्यांवर सावलीत, एवढाच आता नेम आहे. या मेमध्ये तो पाळला.

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या 'उरलेल्या किलोमीटरां'वरून बॅटरीची तब्येत ओळखू नये. तो आकडा मागच्या काही फेऱ्यांतल्या वेगावर आणि एसीवर ठरतो. माझा जानेवारीत २८५ असतो आणि मेमध्ये २४०, आणि बॅटरी तीच असते.

वॉरंटी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे, पण ती ठरते कंपनीच्या यंत्रावर निघालेल्या एसओएचवरून, माझ्या वहीवरून नाही. सर्व्हिस सेंटरला दोन्ही वेळा मी तो आकडा मागितला. पहिल्या वेळी 'बॅटरी ओके' एवढेच ऐकायला मिळाले, दुसऱ्या वेळी बरीच विनवणी केल्यावर तंत्रज्ञाने पडद्याचा फोटो काढू दिला. लेखी काही मिळाले नाही. ४० युनिटच्या बॅटरीचे पैसे मोजलेल्या माणसाला तिच्या आरोग्याचा कागद मागताना अवघडल्यासारखे वाटावे हे मला पटत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत ही माहिती मालकाला वाचता यावी अशी तरतूद आहे. आपल्याकडे जुन्या विजेच्या गाड्यांचा बाजार उभा राहायचा असेल तर तशी सोय लागेलच, कारण किलोमीटरच्या आकड्यावरून ही बॅटरी पत्र्याखाली उभी होती की कडुलिंबाखाली हे खरेदीदाराला कळणार नाही.

वहीत सध्या एकच गोष्ट लाल शाईने लिहिलेली आहे. चार्ज कमी असताना ७१ क्रमांकाचा सेल नेहमीच सर्वांत खाली असतो. मार्चमध्ये तो इतरांपेक्षा ११ मिलिव्होल्टने मागे होता, जुलैत १६ ने. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. पुढची पूर्ण मोजणी डिसेंबरात आहे, आणि तेव्हा हा फरक पंचविसाच्या वर गेला असेल तर मागच्या सर्व नोंदींच्या झेरॉक्स घेऊन सर्व्हिस सेंटरला जाईन आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय परतणार नाही.