कर्नाकची अर्ध्या दिवसाची सहल: शिशकाच्या वाट्याला दोन मिनिटं

संडे स्कूलच्या मुलांना बायबलमधली रहबामाची, म्हणजे शलमोनाच्या मुलाची, गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की मिसरचा (इजिप्तचा) राजा शिशक हा आता ओळखीतलाच लुटारू वाटतो. यरुशलेमातून शलमोनाच्या सोन्याच्या ढाली यानेच नेल्या, मग रहबामाला पितळी ढालींवर भागवावं लागलं. त्याआधी शलमोनाच्या भीतीने मिसरात पळालेल्या यराबामाला आसरा देणाराही हाच. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा म्हणजे इजिप्तच्या २२व्या राजघराण्याचा संस्थापक, लिबियन वंशाचा पहिला शेशोंक. त्याने कर्नाकच्या देवळात कोरवून घेतलेली स्वारी, म्हणजे तिथल्या ठिकाणांच्या नावांची यादी, बघायला मी लक्झरमध्ये गाइडसकट सहल घेतली. बुकिंग करताना तसं स्पष्ट लिहिलंही होतं.

गाडी वेळेवर, एसी गार, गाइड हसतमुख. तिथे नाव ठेवायला जागा नाही. पण पवित्र तलावाकाठच्या दगडी भुंग्यापाशी वीस मिनिटं आणि शेशोंकच्या दरवाजापाशी दोन! वर छातीठोकपणे सांगितलं, "या यादीत जेरुसलेम आहे."

नाही हो. शाबूत राहिलेल्या नावांत यरुशलेम सापडत नाही. पहिल्या अंगणातून दक्षिणेच्या दरवाजाने बाहेर पडा आणि मागे वळून भिंत बघा. अंडाकृती चौकटींच्या रांगाच रांगा, प्रत्येकीत एका ठिकाणाचं नाव. चौकटीच्या वर डोकं नि खांदे, हात मागे बांधलेले. म्हणजे चौकट हेच कैद्याचं धड. त्यांचे दोर अमुन देव आणि वासेत देवी यांच्या हातात. ज्याचा एवढा पराक्रम, त्या राजाची आकृती मात्र जेमतेम दिसते. नावं दीडशेच्या वर, पण बरीच फुटलेली. २७वं नाव मगिद्दो, म्हणजे इस्राएलातलं प्राचीन नगर, आणि तिथल्या उत्खननात शेशोंकच्या नावाचा शिलालेखाचा तुकडाही मिळालाय. २९व्या नावात, इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंला १८२८ मध्ये 'यहूदाचं राज्य' दिसलं होतं. पुढे ते वाचन मागे पडलं. आता ते 'याद हम्मेलेक' असं, एखाद्या जागेचं नाव म्हणून वाचतात. आमच्या गाइडपर्यंत ही दुरुस्ती पोचलेली दिसत नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही ड्रायव्हरकाकांमुळे. शिशकासाठी जाणार असाल तर गाइड न घेता सकाळी लवकर जा, टोपी घाला आणि नावांची क्रमांकवार यादी छापून न्या. मी गाइडला विचारलं, यातलं मगिद्दो कुठलं? तो म्हणाला, "मॅडम, गाडी थांबलीय."