स्टेशन वॅगन की क्रॉसओव्हर : जड सामान उचलणाऱ्याच्या बाजूने

घरात एकच गाडी ठेवायची आणि सामान भरपूर न्यायचे, असे ठरले की हल्ली बहुतेकांची पावले क्रॉसओव्हरकडे, म्हणजे एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या उंच गाडीकडे, वळतात. मी आधी क्रॉसओव्हर वापरली आणि आता स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट डिकीच्या टोकापर्यंत नेलेली लांब, बुटकी गाडी वापरतो. प्रत्येकाची गरज वेगळी असते हे मान्य करूनही, निर्णयापूर्वी दोन्ही गाड्यांच्या डिकीत एखादी जड वस्तू स्वतः उचलून ठेवून पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

माझ्या बाबतीत ती वस्तू म्हणजे आईची व्हीलचेअर. क्रॉसओव्हरच्या डिकीची कड जवळजवळ कमरेइतकी उंच होती. घडी केलेली खुर्ची तिथवर उचलून आत वळवताना तिचे पुढचे लहान चाक हमखास बंपरला अडकायचे आणि नेमक्या त्या क्षणी सगळा भार पाठीवर यायचा. डिकी उंचीला ऐसपैस पण लांबीला आखूड असल्याने खुर्ची उभीच ठेवावी लागे, आणि जोरात ब्रेक लागला की ती मागच्या सीटवर आदळे. वॅगनमध्ये तीच खुर्ची डिकीच्या कमी उंच कडेवर टेकवली की आत सरकते आणि आडवी राहते. आकडेही याला पूरक आहेत : चौथ्या पिढीतील स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी या वॅगनची डिकी ६४० लिटरची आहे, तर त्याच कंपनीच्या कॅरॉक या क्रॉसओव्हरची ५२१ लिटरची. अर्थात कॉम्बी सुमारे ३० सेंटिमीटर अधिक लांब आहे आणि गाडी लावताना ते जाणवते.

क्रॉसओव्हरच्या उंच सीटवर आईला सहज बसता येत असे, हे मात्र प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. वॅगनमध्ये आधी सीटवर टेकायचे आणि मग पाय आत घ्यायचे, ही सवय तिला लावून घ्यावी लागली. ज्यांचे गुडघे फारच दुखतात, त्यांच्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

वळणावर वॅगन कमी कलते आणि बुटकी असल्याने वेगात वाऱ्याचा विरोधही कमी होतो. यावर फारसा वाद नसावा. खराब रस्त्यांची चिंता असेल तर सुबारू आउटबॅक किंवा व्होल्वोच्या क्रॉस कंट्रीसारख्या उंचावलेल्या वॅगन पाहाव्यात. मात्र असे पर्याय कमी होत चालले आहेत. आउटबॅकनेही २०२६ च्या मॉडेलपासून एसयूव्हीसारखा चौकोनी आकार घेतला आहे, त्यामुळे वॅगनकडे मन झुकत असेल तर फार थांबू नये, असे मला वाटते.