सामायिक कॅलेंडर: रॅडिकेल की नेक्स्टक्लाउड?

आमच्या ढोल-ताशा पथकातला एक मुलगा विचारत होता: सरावाच्या तारखा वीस जणांना दिसायला हव्यात, पण गूगलवर नकोत. काय बसवू?

रॅडिकेल आणि नेक्स्टक्लाउड हे आपल्याच संगणकावर बसवायचे सर्व्हर. दोन्ही मोफत, दोन्ही कॅलडॅव्हवर, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांवर एकच कॅलेंडर जुळवून ठेवायच्या पद्धतीवर, चालतात. आयफोनमध्ये ती सोय मुळातच आहे, अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ सारखं ॲप टाकावं लागतं.

खरा फरक देखभालीत. रॅडिकेल पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं छोटं प्रकरण, डेटाबेस नाही. प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी .आयसीएस फाईल, नोटपॅडमध्ये उघडली की 'डीटीस्टार्ट'पुढे सरावाची वेळ दिसते. बॅकअप म्हणजे फोल्डर कॉपी करणं. जुन्या रास्पबेरी पायवरही, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावरही, निवांत चालतं. मला हा साधेपणा फार आवडतो.

नेक्स्टक्लाउडला पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रामिंग भाषा), डेटाबेस आणि वेळोवेळी अपडेट लागतात. पण ब्राउझरमध्ये महिन्याचं पान दिसतं, नाव टाकून कॅलेंडर शेअर होतं. रॅडिकेलच्या वेबपानावर तारखा दिसतच नाहीत, आणि कोणी फक्त वाचायचं, कोणी बदलायचं हे सेटिंगच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहावं लागतं.

घरातले चार-पाच जण असतील, तर रॅडिकेल. पथकासाठी, जिथे दर वर्षी माणसं बदलतात, तिथे नेक्स्टक्लाउडच घे. मात्र अपडेटची जबाबदारी एकाने नक्की घ्यायला हवी.