आखणी उत्तम, निगा शून्य : एका सार्वजनिक गोल्फ मैदानाविषयी

या मैदानाची आखणी ज्याने केली त्याला खेळाची उत्तम जाण होती. मोठी झाडे राखून फेअरवे, म्हणजे चेंडू मारत पुढे जाण्याच्या हिरवळीच्या वाटा, वळवलेले आहेत. नवख्याला सुरक्षित वाट सापडते आणि मुरलेल्या खेळाडूला धाडस करून पाहण्याची जागाही मिळते. त्यामुळेच मैदानाची आजची अवस्था पाहून फार वाईट वाटते. सभासदत्व नसलेल्यांनाही खेळता यावे म्हणून हे मैदान आहे, तेव्हा खासगी क्लबच्या थाटाची अपेक्षा येथे कोणी करत नाही. रोजची कामे रोज व्हावीत, एवढीच अपेक्षा आहे आणि नेमकी तीच पुरी होत नाही.

सर्वांत वाईट स्थिती ग्रीनची, म्हणजे ज्या बारीक कापलेल्या हिरवळीवरील होलमध्ये चेंडू टाकायचा असतो तिची, आहे. एका ग्रीनवर पटची, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या हलक्या फटक्याची, रेषा पाहण्यासाठी खाली बसलो, तर माझा चेंडू आणि होल यांच्यामध्ये उंचावरून पडलेल्या चेंडूंचे जुने खळगे जागोजागी दिसले आणि त्यांतील काहींच्या कडा वाळून तपकिरी झाल्या होत्या. असा खळगा लगेच नीट केला तर गवत काही दिवसांत सावरते. तसाच सोडला तर भरून यायला कित्येक आठवडे जातात. हा दोष खेळाडूंचाही आहे, हे मान्य केलेच पाहिजे. 2019 पासून लागू असलेल्या नियमांनुसार ग्रीनवरील खळगे आणि बुटांचे ओरखडे खेळाडूला खेळण्यापूर्वी दुरुस्त करता येतात. होलच्या काठाची नैसर्गिक झीज मात्र त्याला दुरुस्त करता येत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे कर्मचाऱ्यांनी होल नव्या जागी कापणे. येथे ते बरेच दिवस झालेले दिसत नाही. 108 मिलिमीटर व्यासाचे ते होल एका बाजूने खचून लांबट झाले होते, आणि भोवतीचे गवत पायांखाली तुडवले जाऊन पिवळे पडले होते.

गवत जवळून पाहिले तर त्याची टोके कापल्यासारखी नव्हे, फाटल्यासारखी दिसतात. कापणी यंत्राची पाती बोथट झाली की असेच होते : फाटलेले टोक वाळते, हिरवळीवर करडी छटा येते आणि दुखावलेल्या गवताला बुरशीजन्य रोग लवकर जडतो. पात्यांना वेळच्या वेळी धार लावणे हे काही फार खर्चाचे काम नव्हे. फेअरवेवर याच्या उलट प्रकार आहे. तेथे गवत मनसोक्त वाढू देतात आणि मग एकदम खालपर्यंत छाटतात. एका कापणीत गवताच्या पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, हा हिरवळ राखणाऱ्यांचा प्राथमिक नियम येथे पाळलेला दिसत नाही.

बंकरमध्ये, म्हणजे मैदानातील वाळूच्या खड्ड्यांत, वाळूचा थर इतका पातळ आहे की क्लब (चेंडू मारण्याची काठी) खालच्या कडक मातीवर आपटतो. वाळू सारखी करण्यासाठी ठेवायचे दाताळे मला फार थोड्या ठिकाणी दिसले, त्यामुळे आधीच्या खेळाडूच्या पावलांच्या ठशातूनच चेंडू काढावा लागतो.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. ग्रीनला बारीक छिद्रे पाडून त्यांत वाळू भरलेली दिसली, तर तो निष्काळजीपणा नसतो. घट्ट झालेली माती मोकळी करून मुळांपर्यंत हवा आणि पाणी पोहोचवण्याची ती आवश्यक प्रक्रिया आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवसांत पूर्ण शुल्क घेण्याआधी काउंटरवर तशी कल्पना दिली जात नाही, याबद्दल आहे. उखडलेल्या जागांभोवती पांढरी रेषा किंवा खुंट्याही नाहीत. समितीने एखादी जागा ‘ग्राउंड अंडर रिपेअर’ (दुरुस्ती चालू असलेली जागा) म्हणून जाहीर केली, तर खेळाडूला तेथून विनादंड चेंडू हलवता येतो. येथे बहुतेक उघड्या मातीवरून तसेच खेळावे लागते, आणि दोन खेळाडूंमध्ये वाद होतात ते वेगळेच.

आरक्षण सोपे आहे आणि कर्मचारी सौजन्याने वागतात. लांब फटक्यांच्या सरावासाठी मैदान अजूनही उपयोगी आहे. पटिंग सुधारायचे असेल किंवा स्पर्धेची तयारी करायची असेल तर तूर्तास दुसरीकडे जावे. ही निरीक्षणे मी होलनिहाय लिहून व्यवस्थापनाकडे दिली असून, झिजलेली होल आधी हलवावीत आणि दुरुस्तीच्या जागा लगेच आखून घ्याव्यात, अशी विनंती त्यात केली आहे.